पाच मांजरं, तीन पिल्लं आणि वन बीएचकेतल्या पिसवा: कमी खर्चात पण जिवाला धोका न करता

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. वन बीएचके घर, पाच मोठी मांजरं, त्यातली एक सध्या पिल्लांना पाजतेय, तिची तीन पिल्लं पाच आठवड्यांची. जूनपासून घरात पिसवा झाल्यात. पाचांपैकी जी दोन सारखी खाजवत बसतात त्यांना दोन महिने मानेवर टाकायचं औषध आणून लावलं, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच, आता तर मुलीच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलंय. सगळ्यांना दर महिन्याला महागडं औषध लावणं परवडत नाही, शेजारच्या काकू कडुलिंबाचं तेल लावा म्हणतात आणि दुकानदार म्हणाला कुत्र्याची मोठी ट्यूब घेऊन जा, पाचांत वाटून लावा. तर स्वस्त पण सेफ असं काय करू?

ताई, सगळ्यात आधी, ती कुत्र्याची ट्यूब आणली असेल तर उघडू नका, कपाटात वर ठेवून द्या, का ते पुढे सांगते. मी बावीस वर्षं ठाण्यात मांजर-कुत्र्यांची प्रॅक्टिस करतेय आणि दर पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन रोज कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

तुमचं औषध वाईट नव्हतं. तुम्ही ते दोघांनाच लावलं आणि घराला काहीच केलं नाही, तिथे गाडी अडली. जी दोन खाजवतात त्यांना पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असणार, म्हणून त्यांना थोड्याशा चाव्याने पण त्रास होतो. बाकीची तीन शांत बसलेली दिसतात म्हणजे त्यांच्या अंगावर पिसवा नाहीत असं अजिबात नाही, उलट मांजर जिभेने अंग इतकं साफ ठेवतं की पिसू हाताला लागतच नाही. आणि एक मादी पिसू रक्त प्यायला लागली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, भरात असताना दिवसाला ४० ते ५०. म्हणजे एका औषध न लावलेल्या मांजरावर नुसत्या १० माद्या धरल्या तरी रोज ४०० अंडी. ही अंडी केसाला चिकटत नाहीत, गुळगुळीत असतात, मांजर जिथे झोपतं, उडी मारतं, अंग झटकतं तिथे मिठाच्या कणांसारखी गळतात. तुमच्या सोफ्यावर, दिवाणाखाली, मुलीच्या गादीवर, पायपुसण्यात.

अंड्यातून दोन-चार दिवसांत अळी निघते. ती मांजराला चावत नाही, उजेड टाळत खाली खाली शिरते आणि मोठ्या पिसवांची विष्ठा, जी म्हणजे वाळलेलं रक्तच असतं, ती खाऊन वाढते. मग ती स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्यावर धूळ-माती चिकटते आणि तो दिसेनासा होतो. या कोषावर बहुतेक कुठलंच औषध चालत नाही. आत पिसू तयार होऊन बसते, कोणी चाललं की जमीन हादरते, अंगाची ऊब लागते, श्वास लागतो, तेव्हा बाहेर उडी मारते. नाहीच कोणी आलं तर महिनोन्‌महिने तशीच थांबते. म्हणून गणपतीला आठ-दहा दिवस कोकणात गावी जाऊन आलेली माणसं मला फोन करतात की डॉक्टर, घराला कुलूप होतं, मांजरं बोर्डिंगला होती, आणि दार उघडून आत पाऊल टाकलं तर पायाला काळ्या ठिपक्यांसारख्या चिकटल्या. कुलूपबंद घरात त्या पावलांचीच वाट बघत होत्या.

ढोबळ हिशोब असा सांगतात की तुम्हाला मांजरावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिढीच्या फक्त ५ टक्के, बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष म्हणून घरात पसरलेल्या असतात. अळीला दमट हवा लागते, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली तर ती सुकून मरते, पण ठाणे-नवी मुंबईत, त्यात तुम्ही खाडीच्या काठाला, पावसाळ्यात तसं होणारच नाही. या हवेत अंड्यापासून पिसूपर्यंत सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत होतो.

आता आधी खात्री करून घ्या की त्या पिसवाच आहेत, कारण आपल्याकडे गोचीड, पिसू, ऊ सगळ्याला लोक एकच नाव घेतात. गोचीड अंगाला चिकटून बसते, फुगते, पळत नाही. पिसू चपटी, तपकिरी, केसांतून सर्रकन पळते. पिसू नाही सापडली तरी तिची घाण सापडते. लिखांची फणी असते ना, बारीक दातांची, तशीच मांजरांची स्टीलची मिळते, साधारण दोनशे रुपयांच्या आत, ती आजच घ्या. शेपटीच्या मुळाशी आणि मानेमागे फिरवा, जे काळी मिरी भरडल्यासारखं निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि एक मिनिट थांबा. माती असेल तर तशीच काळी राहते. पिसवांची घाण असेल तर त्या प्रत्येक कणाभोवती विटकरी-लाल डाग पसरतो, कुंकू ओलं झाल्यासारखा. पाचही मांजरांना ही टेस्ट करा, शांत बसलेल्यांना तर नक्की करा.

आता ती ट्यूब. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं शरीर ते फोडून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही, त्यासाठी लागणारी यंत्रणाच त्यांच्यात कमकुवत आहे (याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप आला म्हणून कधीच देऊ नका). काही वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला मी शटर खाली ओढत होते आणि कळव्याहून एक आजोबा रिक्षातून उतरले, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली तीन रंगांची मांजर. टेबलावर ठेवली तर तिचे कान आपोआप फडफडत होते, मिशा थरथरत होत्या, पाय असे झटकत होते की स्टीलच्या टेबलावर नखांचा टकटक आवाज येत होता. अंग तव्यासारखं तापलेलं. मी विचारलं काय लावलं, तर त्यांनी खिशातून रिकामी ट्यूब काढली, वर कुत्र्याचं चित्र. "अर्धीच लावली हो, मांजर लहान म्हणून." ते बिचारे तिच्या भल्यासाठीच करत होते. भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात तिला दोनदा धुतलं, झटक्यांची औषधं दिली, सलाईन लावलं, दोन रात्री मी क्लिनिकमध्येच झोपले. वाचली ती, पण सगळी वाचत नाहीत.

त्यामुळे नियम असा धरा की घटकांच्या नावात शेवटी 'थ्रिन' आलं, परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, की ते मांजराच्या अंगाला लावायचं नाही. गुरांच्या गोठ्यात फवारायचं औषध पाण्यात घालून मांजराला आंघोळ घालणारे लोक मी बघितलेत, त्यातपण हेच असतं. झुरळांच्या खडूतपण हेच असतं, मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. अमिट्राझ नावाचं गोचिडीचं औषध कुत्र्यांना देतात, तेपण मांजराला नको. फ्लुमेथ्रिन हा एक अपवाद आहे, तोही फक्त मांजरांसाठीच बनवलेल्या गळपट्ट्यात. आणि घरात कुत्रा असेल, त्याला परमेथ्रिनवालं औषध लावलं असेल, तर मांजरं त्याला चाटणार नाहीत, त्याला चिकटून झोपणार नाहीत एवढं बघा. चुकून लागलंच तर घरी वाट बघत बसू नका, कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड लावून लगेच धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, पॅकेट बरोबर घ्या.

काकूंचं कडुलिंबाचं तेल. काकूंचा हेतू चांगला आहे, पण मांजर अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतं. कडुलिंब, निलगिरी, टी ट्री, लिंबूगवत, कापूर, यातलं काहीही मांजराच्या अंगावर नको, लाळ गळणं, उलट्या, लटपटणं इथपासून सुरुवात होते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मांजराच्या अंथरुणाखाली ठेवणारे पण असतात, त्या विषारी आहेत. फिनाइल आणि डेटॉलसारख्या जंतुनाशकांनी मांजराला पुसू नका. लसूण खाऊ घातला की रक्त कडू होतं आणि पिसवा पळतात असं कोणीतरी सांगेल, लसूण-कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आधीच पिसवांनी रक्त कमी केलंय त्यात ही भर. आणि ते सगळीकडे मिळणारं स्वस्त 'किड्यांचं इंजेक्शन', म्हणजे आयव्हरमेक्टिन, ते खरजेला, कानातल्या किड्यांना उपयोगी आहे, पिसवांवर त्याचा म्हणावा तसा उपयोग नाही, तिथे पैसे घालवू नका.

मग लावायचं काय. तुमच्यासारख्या जास्त मांजरांच्या घराला मी सहसा फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा स्प्रे सांगते. एकेका मांजराच्या वेगळ्या ट्यूबपेक्षा २५० मिलीची एक बाटली बरीच स्वस्त पडते. डोस साधारण किलोला ३ ते ६ मिली, पण तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय तेच खरं आणि एका पंपात किती मिली येतं तेपण त्यावरच असतं, बाटलीच्या साइजप्रमाणे ते बदलतं, म्हणून पंप मोजताना ते बघा. तुमची पाजणारी सोडून चार मांजरं, प्रत्येकी ४ किलो धरू, म्हणजे १६ किलो. किलोला ५ मिली धरलं तर एका वेळी ८० मिली, तीन महिन्यांचे तीन डोस म्हणजे २४० मिली. एका बाटलीत चार मांजरांचे तीन महिने बसले बघा. हा हिशोब तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मांजरांची वजनं सांगा, कोणाला किडनीचा वगैरे त्रास असेल तर तेपण सांगा. वजनाला बाथरूम स्केल पुरतो, आधी मांजर घेऊन उभं राहायचं मग एकटं, वजाबाकी करायची. घरात ससा असेल तर मात्र फिप्रोनिल त्याच्या आसपास पण नको, सशांना ते विष आहे.

स्प्रेच्या फुस्स आवाजाला मांजरं घाबरतात, पहिल्यांदाच फवारलंत तर दुसरं मांजर तीन दिवस माळ्यावरून उतरणार नाही. हातात रबरी ग्लोव्हज घाला, तळहातावर फवारा आणि केसांत उलट्या दिशेने चोळा, कातडीपर्यंत ओलं झालं पाहिजे, नुसते वरचे केस ओले करून काही होत नाही. तोंडाला लावायला बोटाने घ्या, डोळे सांभाळून. यात अल्कोहोल असतं म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, आणि देवघरातला दिवा-उदबत्ती विझलेली असू दे, हे मी मुद्दाम सांगते कारण संध्याकाळी दिवा लावून लगेच स्प्रे करायला बसलेलं घर मी ऐकलंय. पूर्ण वाळेपर्यंत, तास-दोन तास, मांजरं एकमेकांना चाटणार नाहीत असं वेगळं ठेवा, वन बीएचकेत एक बाथरूममध्ये, एक किचनमध्ये, एक कॅरिअरमध्ये, जमवावं लागतं, हवं तर लागोपाठ दोन दिवसांत विभागा पण त्याहून जास्त लांबवू नका. चाटलंच थोडं तर तोंडाला फेस येतो, कडू लागतं म्हणून, थोड्या वेळाने थांबतो. कान-अंग थरथरायला लागलं तर मात्र ते वेगळं, तेव्हा डॉक्टर. लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही.

ज्यांना स्प्रे जमतच नाही त्या मांजराला मांजरांचीच स्पॉट-ऑन ट्यूब घ्या, मानगुटीवर, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर. तुम्ही दोन महिने ती केसांवर टाकत होता का हे पण एकदा आठवा, बरेच जण तसंच करतात आणि औषध केसांवरच वाळून जातं. सात-आठ महिने चालणारा इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा चांगला पट्टा महाग वाटतो पण महिन्यावर भागलं तर काही घरांना परवडतो, फक्त ओळखीच्या ठिकाणाहून घ्या. रस्त्यावर मिळणारे सुगंधी रंगीत पट्टे मात्र काही कामाचे नाहीत.

तुमच्या पाजणाऱ्या आईला सेलामेक्टिनची स्पॉट-ऑन ट्यूब सांगेन, ती गाभण आणि पाजणाऱ्या मांजरींना चालते. इथे पैसे वाचवू नका, पाचांत हिच्यावरच खर्च करा. लावल्यावर जागा वाळेपर्यंत पिल्लं बाजूला.

आणि पिल्लं. ताई, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या मांजराला पिसवा म्हणजे खाज, पिल्लाला पिसवा म्हणजे रक्त जाणं. अर्धा किलोच्या जिवात रक्त असतंच किती. मागच्या पावसाळ्यात कोपरीहून बुटाच्या खोक्यात चार पिल्लं आली, आणणारी मुलगी म्हणत होती की झोपाळू झालीत नुसती. मी एकाचा ओठ वर केला तर हिरडी कागदासारखी पांढरी. फणी फिरवून वाटीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवत गेले, पाच मिनिटांत त्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. त्या चारातलं एक पहाटे गेलं. रोज सकाळी पिल्लांचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी पाहिजे. फिकट वाटली, पिल्लू थंड लागलं, दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पाच आठवड्यांच्या पिल्लांना घरी कुठलंही औषध स्वतःहून लावू नका. फणी, दिवसातून दोनदा, आणि शेजारी वाटीत पाणी व भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात पिसू बुडते, नुसत्या पाण्यात ती तरंगून परत उडी मारते. फारच भरलेली असतील तर एकदा आंघोळ, पाणी कोमट, बेबी शाम्पू, आधी मानेभोवती फेसाची रिंग करा म्हणजे पिसवा पळून डोक्यात-कानात शिरत नाहीत. पटापट पाच मिनिटांत उरका, लगेच कोरड्या टॉवेलात आणि मग गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ. तीनही पिल्लं एकदम ओली करू नका, एक पूर्ण सुकलं की दुसरं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान डॉक्टर वजन बघून पुढचं औषध सांगतील.

आता घर, जिथे ते ९५ टक्के बसलेत. इथे खर्च जवळजवळ नाही, कष्ट आहेत. आपल्याकडे कार्पेट नसतं, लादी असते, हा मोठा फायदा आहे. पाचही मांजरांच्या झोपायच्या लाडक्या जागा शोधा, सोफ्याचा कोपरा, खिडकीचं ग्रिल, मशिनच्या वरचं, आणि तिथे तिथे जुन्या चादरीचे तुकडे घाला. अंडी त्या चादरींवरच जास्त पडतात, म्हणजे सगळं घर धुण्यापेक्षा पाच तुकडे धुवायचे, आठवड्यातून दोनदा. उचलताना चारही कोपरे आत घेऊन बोचकं करा, झटकू नका, झटकलं की अंडी परत घरभर. मशिनला ६० डिग्रीचं सेटिंग असेल तर त्यावर, नसेल तर बादलीत उकळतं पाणी ओतून अर्धा तास बुडवून मग मशिन. पावसाळ्यात ऊन नसतं तर अर्धवट सुकल्यावर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड सोफ्याच्या फटी, दिवाणाखाली, बेडचा कठडा, भिंत आणि लादी मिळते तिथली रेघ. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि बाहेर आल्या की औषध लावलेल्या मांजरावर चढून मरतात, हेच तर आपल्याला हवंय, मांजर म्हणजे चालता-फिरता सापळा. पिशवीतला कचरा लगेच प्लास्टिकमध्ये गाठ मारून बाहेर. व्हॅक्यूम नसेल तर विकत घ्यायची गरज नाही, केरसुणीने कोपरे काढून केर तसाच बांधून टाका, मग गरम साबणाच्या पाण्याने लादी पुसा. पायपुसणी, गोणपाट, चपलांच्या रॅकखालची धूळ आणि रद्दीचा गठ्ठा, हे चार प्रत्येक घरात विसरतात, रद्दी तर देऊनच टाका. मीठ पसरा असं कोणी सांगेल, आपल्याकडे मिठाला पाणी सुटतं त्याचा चिखल होतो बाकी काही होत नाही. बोरिक पावडर जमिनीवर टाकू नका, पंजे चाटतात.

किती कमी होतायत हे कळायला एक फुकटचा उपाय: रात्री जमिनीवर पसरट ताटलीत पाणी, लिक्विडचे दोन थेंब, वर टेबल लॅम्प, मांजरं दुसऱ्या खोलीत. उजेडाला पिसवा उडी मारतात आणि बुडतात. सकाळी मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा, आठवड्यातून दोनदा. याने पिसवा संपत नाहीत पण खरंच कमी होतायत की नाही ते आकड्यात दिसतं. कारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला एकदम जास्त पिसवा दिसतील आणि वाटेल औषध फेल गेलं. तेव्हा औषध बदलू नका, दुसरं वर लावू नका. आधीचे कोष फुटतायत, नवीन अंडी पडत नाहीयेत. घाबरून दोन औषधं एकावर एक लावली म्हणून उलट्या करत आलेली मांजरं मी बघितलीत. तारीख ठरवा, दर चार आठवड्यांनी, सगळ्यांना, कमीत कमी तीन महिने, तुम्हाला एकही पिसू दिसत नसली तरी तिसरा डोस चुकवायचा नाही. आणि आपल्या हवेत पुढच्या मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, परत सुरू करायचं.

पेस्ट कंट्रोल शक्यतो नको, वरचं सगळं मनापासून केलंत तर लागतही नाही. करायचंच असेल तर आधी सांगा की घरात मांजरं आणि पिल्लं आहेत, कुठलं औषध मारणार त्याचं नाव लिहून घ्या, पिसवांची वाढ रोखणारं पायरिप्रॉक्सिफेन आहे का विचारा, आणि फवारल्यावर लादी पूर्ण वाळून हवा खेळेपर्यंत मांजरं दुसऱ्याच्या घरी. ओल्या लादीवर चाललेलं मांजर म्हणजे परत तीच परमेथ्रिनची गोष्ट.

मुलीचं पुरळ पिसवांचंच वाटतंय, पोटरीवर आणि घोट्याभोवती येतं. माणसावर पिसू राहत नाही, चावते आणि जाते, घर साफ झालं की थांबेल, खाज फार असेल तर तिच्या डॉक्टरांना दाखवा. मांजराने ओरखडलं तर लगेच साबणाने धुवायची सवय लावा, पिसवांच्या घाणीतले जंतू नखांतून जखमेत जाऊ शकतात.

अजून एक, मांजरांच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, कधी हलणारे तुकडे दिसतात का? तो पट्टकृमी. अंग चाटताना पिसू गिळली की होतो. त्याला प्राझिक्वान्टेलची गोळी लागते, वजनावर, स्वस्त असते, पण पिसवा आटोक्यात आल्यावर द्या नाहीतर महिन्याने परत होईल.

तुमची मांजरं खाली सोसायटीत जात असतील तर पार्किंगमधल्या मांजरांकडून परत आणतील. त्या मांजरांना नसबंदीला कोणी नेत असेल तर भुलीत असतानाच मानेवर थेंब टाकून द्या असं तिथल्या डॉक्टरांना सांगा, ट्यूब तुम्ही द्या, एरवी ती हाताला कुठे लागतात. तीन महिने तरी आपली घरात ठेवता आली तर बघा, ग्रिलला जाळी लावून.

तपासणीचाच खर्च जड जात असेल तर परळचं आपलं बैलघोडा हॉस्पिटल आहे, सेंट्रल लाइनने ठाण्याहून सरळ जाता येतं, पाचही मांजरं न्यायची गरज नाही, आई आणि सगळ्यात अशक्त पिल्लू न्या, बाकीच्यांची वजनं कागदावर लिहून न्या.

आज फक्त तीन कामं करा, फणी आणा, पाचांची टिश्यू टेस्ट करा आणि पिल्लांच्या हिरड्या बघा. पिल्लांचं वजन किचनच्या काट्यावर करून ग्रॅममध्ये मला कळवा, प्रत्येकाचं वेगळं, आणि उद्या सकाळी त्याच वेळी परत एकदा.